पंप ‘ग’ला काही झालेलं नाही

४ जानेवारी, सकाळ

दूध गॅसवर होतं, डब्याचं खालचं भांडं भरून झालं होतं, शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवायची राहिली होती, आणि त्यात सिंकखाली पाणी दिसलं. मी फडकं घेऊन वाकले तर ह्यांनी मागून हात धरला. म्हणाले, “पुसू नकोस. आधी बघू दे कुठून येतंय.” मग पालथे पडून टॉर्च मारत बसले. तिकडे दूध उतू गेलं. मी म्हटलं, आता हे कुठून आलं तेही बघा. हसले नाहीत. गळतीच्या बाबतीत ह्यांना विनोद चालत नसे. बावीस वर्षं गाडीचे पंप गळतात का, एवढंच बघायची नोकरी केली. घरी आल्यावर आणखी काय बघणार.

साधी सकाळ होती. आज का आठवली कोण जाणे.

ही डायरी मुलीनं पाठवली. फोनवर म्हणाली, “आई, मनातलं लिहीत जा.” माझ्या मनात काही नाही. ह्यांना जाऊन दीड वर्ष होत आलं, मी आता पूर्ण सावरले आहे. म्हणून कामाचं लिहिणार. शिवाय ठरवलं आहे की चहा दिवसाला दोनच. ह्यांचं सीलवरचं जाड इंग्रजी पुस्तक रोज दहा पानं वाचायचं, डिक्शनरी शेजारी ठेवून. आणि महिनाअखेर ह्यांचं कपाट रिकामं करायचं. मुलगी म्हणते ती येऊन करेल. काही गरज नाही. एका दुपारचं काम आहे.

४ जानेवारी, संध्याकाळ

चहा चार. पण दोन अर्धे होते.

६ जानेवारी

आज बेंचवर तीन पंप चढवले. इंजिन तापू नये म्हणून त्यात कूलंट फिरवत राहायचं, एवढंच ह्या पंपाचं काम. आमचं काम त्याला छळायचं. स्टीलच्या बंद खोलीत, म्हणजे चेंबरमध्ये, उणे तीसपर्यंत गोठवायचं, तसाच गारठलेला सुरू करायचा, मग एकशे वीसपर्यंत तापवायचं, परत गोठवायचं. असं हजार तास. रोज सकाळी नऊला अर्धा तास चेंबर नेहमीच्या हवेवर आणतात, तेव्हा मी आत जाऊन पंप पुसते, बघते, रजिस्टर लिहिते. हे काम ह्यांचं होतं. ह्यांच्यानंतर मला दिलं.

ह्या वेळची टेस्ट वेगळी आहे. तीन पंपांत एक आमचा जुना, एक बाहेरच्या कंपनीचा, आणि एकात ह्यांचं सील आहे, सील म्हणजे कूलंट बाहेर गळू नये म्हणून पंपात बसवायची कडी. ह्यांनी जायच्या आधीच्या वर्षी ड्रॉइंगवर पेन्सिलीनं दुरुस्ती सुचवली होती. सीलमागची स्प्रिंग जरा हलकी, रबराची कडा जरा जाड. कागद दोन वर्षं पडून होता. आता पाच नमुने बनवून घेतलेत. हजार तास काढले तर सील पुढे जाईल, हजारो गाड्यांत बसेल. नाही काढले तर फाइल बंद.

आमच्या डिपार्टमेंटच्या मॅडमनी कुणाला काही सांगितलं नाही. पंपांवर नुसतं क, ख, ग लिहिलं, आणि कुठला कुठला ते पाकिटात घालून कपाटात ठेवलं. मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या, मला काकू म्हणतात. म्हणाल्या, “काकू, तुमच्यासाठी नाही हं, नियमच आहे.” माझ्यासाठीच आहे. मी काही मनाला लावून घेतलं नाही. मला तिन्ही पंप सारखे.

७ जानेवारी

पाकिटाची गरज नाही. ग हा ह्यांचा आहे.

झालं असं. सकाळी लाइनी भरायच्या होत्या. कूलंट भरताना पाइपात हवा अडकते, म्हणून पंपाच्या वरचा छोटा स्क्रू सैल करून बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत हवा जाऊ द्यायची. हवा राहिली तर सील कोरडं घासतं. क ची हवा मी काढली, ख चा स्क्रू सैल केला, आणि तेवढ्यात आमच्या बेंचवरच्या फिटरभाऊंनी पलीकडे ग ची हवा काढून तो दोन मिनिटं चालवून पाहिला. बारीक शिट्टी आली. वर जाणारी, मग जरा थांबून खाली येणारी. मी जागच्या जागी थबकले. सत्तावीस वर्षं उशीशेजारी ऐकलेली शिट्टी आहे ती. हे असेच घोरत.

ग पाशी जाऊन उभी राहिले. फिटरभाऊ म्हणाले, “वहिनी, पंप आहे तो, रेडिओ नाही.” मग परत येऊन ख चा स्क्रू बंद केला. बुडबुडे बहुतेक थांबले होते. चेकलिस्टवर तिन्हींसमोर ‘हवा काढली: हो’ लिहून सही केली.

मशिनला माणसाचा आवाज कसा येईल, हे मलाही कळतं. मी काही अडाणी नाही. सातवीनंतर शाळा सुटली, पण पुढची सगळी पुस्तकं मी माझी मी वाचली. तरी ज्याचं सील, त्याचा थोडा गुण लागणारच.

पुस्तक: चार पानं. चहा तीन.

१० जानेवारी

ख गेला. एकसष्ट तासांत. रात्रीच कॉम्प्युटरनं बंद केला, सकाळी जाऊन पाहिलं तर खाली हे एवढं थारोळं. फिटरभाऊ म्हणाले, एकसष्ट तासांत मेलेला पंप त्यांनी आजवर पाहिला नाही. मी म्हटलं, ज्यानं ह्याचं सील केलं त्याच्या डोळ्यांवर झापड असणार. बाहेरच्या कंपनीचाच असेल, चकचकीत होता. दोघं मोठ्यानं हसलो.

मीच उतरवला. मीच चिठ्ठी बांधली: ख, ६१ तास, नापास. नापासांच्या फळीवर मागच्या बाजूला ढकलून दिला. हात झटकले.

एक गेला. उरला आमचा जुना आणि ह्यांचा. बरं वाटलं. आज एक चहा जास्त झाला तो त्या आनंदात, तो धरायचा नाही.

१३ जानेवारी

मुलीचा फोन. कपाटाचं काय झालं. सांगितलं, चालू आहे. खरं तर किल्ली मिळत नाही.

किल्ली कपाटालाच लावलेली आहे. पण आज दमले होते.

पुस्तक: चार पानं, पण तीच चार, परत. समजून घेणं महत्त्वाचं. समासात ह्यांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. पान एकतीसवर लिहिलंय: ‘हे चूक. आपल्याकडे असं होत नाही.’ छापील पुस्तकाशी भांडणारा माणूस. माझ्याशी मात्र कधी भांडले नाहीत. बहुतेक.

१७ जानेवारी

पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. मुद्दाम ठेवलेलं. सील हार खाऊ लागलं की कूलंट त्या भोकातून बाहेर ठिबकतं, म्हणजे बघणाऱ्याला कळावं. आज ग च्या भोकाशी ओल होती. चेंबर गोठून परत गरम झालं की पत्र्यांवरचं दंव वितळतं, ते ओघळून येतं. दंव होतं ते.

जरासं गुलाबी होतं. कूलंट गुलाबी असतं. पण चेंबरचा दिवाही लाल आहे.

पुसून टाकलं. फडकं म्हणजे ह्यांचा जुना बनियन, मऊ आहे, कापड चांगलं. रजिस्टरात लिहिलं: ग, कोरडा. मी पाहिलं तेव्हा तो कोरडाच होता.

१८ जानेवारी

आज जरा लवकर आत गेले. पुसलं. मग पाहिलं. कोरडा.

२० जानेवारी

ह्यांचा एक नियम होता, रजिस्टरात ‘बहुतेक’ लिहायचं नाही. म्हणायचे, बहुतेक घरी ठेवून यायचं. मी आजपर्यंत एकदाही लिहिलेलं नाही. रजिस्टर उघडून दाखवू शकते.

ग च्या टाकीतलं कूलंट दोन बोटं खाली गेलंय. एकशे वीस डिग्रीला वाफ होणारच. घरी पातेल्यातलं पाणी नाही का आटत. अर्धा मग भर घातली. एवढ्याशा गोष्टीची नोंद कशाला, लिहिलं नाही. क च्या टाकीतलं आटलेलं नाही. पण क चं झाकण घट्ट असेल.

टाक्यांखाली ह्या खेपेला जाड स्टीलच्या पाट्या बसवल्यात, गार जमिनीपासून वर राहाव्यात म्हणून असतील. त्यांच्यावरही धूळ बसते. त्याही पुसते. माझ्याइतका स्वच्छ बेंच ह्या डिपार्टमेंटमध्ये कुणाचा नसेल.

चहा पाच. उद्यापासून दोन.

२४ जानेवारी

फिटरभाऊ चेंबरच्या काचेला कान लावून उभे होते. म्हणाले, “वहिनी, ग चं बेअरिंग बोलायला लागलं.” शिट्टी मोठी झाली आहे हे खरं. मी म्हटलं, तुम्हाला आज ऐकू आलं, मला पहिल्या दिवसापासून ऐकू येतंय. म्हणाले, “मग पहिल्या दिवसापासून खराब असेल.” काही लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. बारा वर्षं ह्यांच्याशेजारी बसून डबा खाल्लेला माणूस.

मग थोड्या वेळानं चहा घेऊन आले. म्हणाले, “तुम्ही जेवता का नीट?” हे काय विचारणं झालं. जेवते. काल जेवले होते.

२७ जानेवारी

आज पुसलं तर फडकं गुलाबी झालं. धुतलं. वाळत घातलं. परत गुलाबीच. बनियनला कसला तरी रंग लागला असेल.

हे गेले त्या सकाळीही ह्यांच्या कपाळावर घाम होता. मी पदरानं पुसला आणि म्हटलं, उकडतंय का. बाहेर पावसाळी गारवा होता. हे म्हणाले, बहुतेक ॲसिडिटी. पहिल्यांदाच बहुतेक म्हणाले.

हे कामाचं नाही, इथे लिहायचं नव्हतं.

ग, कोरडा. ४७० तास.

३० जानेवारी

कपाट उघडलं. बंद केलं. सुरुवात झाली हे महत्त्वाचं.

ग ला रोज अर्धा मग लागतो. कधी पूर्ण. मीच पहाटे उठून लवकर जाते, चेंबर उघडायच्या आधी दारात हजर असते. मॅडम म्हणाल्या, “काकू, एवढ्या लवकर?” सांगितलं, घरी झोप येत नाही. हे तरी खरं सांगितलं.

मी काही खोटं करत नाही. सील बसायला थोडा वेळ लागतो, हे त्या पुस्तकातसुद्धा आहे. पहिले काही तास थोडी ओल चालते. पाचशे तास म्हणजे पहिले नव्हेत, पण हजारातले अर्धेच झालेत. मी फक्त त्याला वेळ देते आहे. ह्यांना कुणी दिला नाही.

३ फेब्रुवारी

ग बंद पडला.

मी काही केलं नाही, कॉम्प्युटरनंच थांबवला, पहाटे. ६३१ तास. मी पोचले तेव्हा पोटाखाली गुलाबी डबकं, आणि शिट्टी नाही. खोली एकदम रिकामी वाटली. अशी रिकामी खोली मी ओळखते.

मॅडमना म्हटलं, काल संध्याकाळपर्यंत ठणठणीत होता, रजिस्टर बघा, रोज कोरडा आहे. मॅडमनी रजिस्टर बघितलं नाही. मला त्यांच्या टेबलाशी बसवलं आणि स्क्रीन वळवला. टाकीखालच्या त्या पाट्या म्हणजे वजनकाटे आहेत. मिनिटामिनिटाला टाकीचं वजन कॉम्प्युटरकडे जातं. स्क्रीनवर ग ची रेघ खाली खाली येत होती आणि रोज सकाळी नऊला पायरीसारखी टुणकन वर उडी. चौदा पायऱ्या. प्रत्येक पायरी म्हणजे माझा मग.

मी विचारलं, कधीपासून माहीत आहे. म्हणाल्या, “पहिल्या पायरीपासून.” मग बोलला का नाहीत. त्या बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिल्या. म्हणाल्या, “काकू, वजन खरं येत होतं, टेस्टला काही धोका नव्हता. म्हटलं, तुम्हाला बरं वाटतंय तर…”

म्हणजे मी चौदा दिवस पहाटे उठून कुणाला फसवत होते? ज्यांना ठाऊक होतं त्यांना. फिटरभाऊंनाही ठाऊक असणार, म्हणून चहा.

असो. ६३१ तास काही कमी नाहीत. ख तर एकसष्टात मेला होता. त्याच्या दहापट.

४ फेब्रुवारी

रजा घेतली. डोकं दुखतंय असं कळवलं. कपाट आवरणार होते. पडून राहिले. चहा किती ते मोजलं नाही.

९ फेब्रुवारी

विचार करता असं वाटतं की हा एका अर्थी विजयच आहे. ६३१ तासांवर थोडी दुरुस्ती करून परत टेस्ट मागता येईल. बेअरिंगची चूक होती, सीलची नव्हे. बेअरिंग काही ह्यांनी केलं नव्हतं. असा अर्ज लिहायला घेतला आहे. पहिलं वाक्य चांगलं जमलं. पुढचं उद्या.

क मात्र चालू आहे. आवाज नाही, ओल नाही. अगदी कंटाळवाणा पंप.

१४ फेब्रुवारी

अर्जाचं पहिलं वाक्य बदललं.

१९ फेब्रुवारी, दुपार

क चे हजार तास पूर्ण झाले. आज मॅडमनी पाकीट उघडलं. फिटरभाऊ, मी, मॅडम, तिघंच. अर्ज माझ्या पिशवीत होता. दोन पानं झाली होती.

क म्हणजे आमचा जुना.

ग म्हणजे बाहेरच्या कंपनीचा.

मॅडमनी ख वाचायच्या आधी माझ्याकडे बघितलं. वाचलाच नाही त्यांनी. कागद माझ्यापुढे सरकवला.

फिटरभाऊ हळूच म्हणाले, “वहिनी, नशीब असतं एकेका पंपाचं.” मॅडम म्हणाल्या की त्यांनी ख कालच उघडून पाहिला, सीलचा गुळगुळीत चेहरा काळा पडलाय आणि चिरा गेल्यात, हलक्या स्प्रिंगनं उष्णता झेपली नसावी. अजून चार नमुने आहेत, पण एकसष्ट तासांवर वरचे लोक दुसरी संधी देत नाहीत. उद्या फाइल बंद करायची. “सॉरी, काकू.”

मी म्हटलं, ठीक आहे. ज्यानं ह्याचं सील केलं त्याच्या डोळ्यांवर झापड, हे मीच बोलले होते. फिटरभाऊंना आठवत होतं. ते जमिनीकडे बघत होते.

सत्तावीस दिवस मी दुसऱ्याच कुणाची तरी शिट्टी ऐकत होते.

१९ फेब्रुवारी, संध्याकाळ

पुस्तक उघडलं, दुसरं काही सुचेना म्हणून. क्रमानं वाचत आले असते तर ह्या जन्मी तिथे पोचले नसते. नुसती पानं उलटत गेले. पान एकशे बारावर फोटो आहेत, खराब झालेल्या सीलचे. एकाचा चेहरा काळा आणि मधल्या भोकापासून कडेपर्यंत बारीक चिरा, गरम काचेवर पाणी पडल्यावर जातात तशा. खाली इंग्रजीत एक ओळ. डिक्शनरीत एकच शब्द बघावा लागला. सील कोरडं चाललं की असं होतं. आत पाणी नसलं की. हवा असली की.

शेजारी ह्यांची पेन्सिल: ‘सीलला नावं ठेवायच्या आधी विचार, हवा काढली का.’

मला विचारत होते असं नाही. कुणालाही विचारत असतील. नव्या माणसाला शिकवताना लिहून ठेवलं असेल.

७ जानेवारीचं पान काढून वाचलं. ‘बुडबुडे बहुतेक थांबले होते.’ माझंच अक्षर.

थांबले नव्हते. मी बघितलंच नव्हतं. मान ग कडे होती आणि हात स्क्रूवर.

आता सांगून काय होणार. माणूस गेला, त्याचं सीलही गेलं, दोन्ही एकदाच रडून संपवता येईल. वर सही माझी आहे. नोकरी जाऊ शकते, आणि ही नोकरी गेली तर दिवसभर मी आणि ते कपाट. मॅडमनाही नसतं वर उत्तर द्यावं लागेल. कुणाला कळणार नाही, ह्या एका गोष्टीचं वजन कुठल्याच काट्यावर गेलेलं नाही. आणि खरोखर हवेमुळेच झालं असं तरी कुणी सांगावं. बहुतेक

२० फेब्रुवारी

काल तो शब्द अर्धवट ठेवून झोपले. झोपले म्हणजे पडले.

सकाळी आधी नापासांच्या फळीशी गेले. ख मागे होता, मी ढकलला होता तिथे. सील काढून खिडकीशी धरलं. फोटोसारखंच. चिरा बोटाला लागतात.

ते घेऊन आणि पुस्तक घेऊन मॅडमकडे गेले. सगळं सांगितलं. शिट्टीचंही. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, “नक्की काढली नव्हती, की आठवत नाही?” मी म्हटलं, बघितलं नव्हतं. बघितलं नाही म्हणजे काढली नाही, आमच्याकडे असंच धरतात. त्या म्हणाल्या, “आमच्याकडे म्हणजे?” मी म्हटलं, आमच्या घरी.

चेकलिस्ट मागून घेतली. रजिस्टरात खाडाखोड करायची नसते, चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा शब्द वाचता आला पाहिजे. ख समोरच्या ‘हो’वर तशी रेघ मारली, बाजूला ‘नाही’ लिहिलं, तारीख घातली, सही केली. मग ग ची ओल दिसल्यापासूनची सतरा पानंही घेतली. ‘कोरडा’वर रेघ, ‘ओला’. सतरा वेळा. दुपार झाली.

मॅडमना वर लिहून कळवावं लागेल. माझं काय करायचं ते वरचे लोक ठरवतील. तोवर स्क्रू, नळ, चेंबर, कशालाही मी हात लावायचा नाही. फाइल मात्र बंद केली नाही, एकसष्ट तासांची टेस्ट रद्द धरली. चारातला एक नमुना उद्या लावायचा. फिटरभाऊ भरतील. मी म्हटलं, मी नुसती उभी राहू का. मॅडम म्हणाल्या, “हात मागे बांधून.” हसत नव्हत्या.

घरी येऊन अर्जाची दोन पानं फाडली. कपाट उघडलं नाही. चहा सहा.

२१ फेब्रुवारी

सकाळी नऊला फिटरभाऊंनी ख चा नवा पंप भरला. स्क्रू सैल केला. मी हात मागे घेऊन शेजारी उभी राहिले. फडकं नेलं नव्हतं. आधी मोठे बुडबुडे आले, मग बारीक, मग पुष्कळ वेळ काहीच नाही. फिटरभाऊ म्हणाले, “करू बंद?” मी म्हटलं, थांबा. ते थांबले. आणखी एक बुडबुडा आला, मोहरीएवढा. त्यानंतर पाच मिनिटं घड्याळ लावून बघितलं. आला नाही. मग म्हटलं, करा. त्यांनी सही केली, साक्षीदार म्हणून खाली मी केली, आणि लिहिलं: ख, शून्य तास.